नव्या इमारतीत शेजाऱ्यालाही जागा हवी

पवित्र रमजानचा महिना सुरू झाला की मुंबईच्या मोहम्मद अली रोडची छायाचित्रे वर्तमानपत्रांत हमखास दिसू लागतात. मिनारा मशिदीवरची रोषणाई, मालपुव्याच्या मोठमोठ्या कढया, मातीच्या सकोऱ्यातली फिरनी, शिगेवर भाजले जाणारे कबाब आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. ही गर्दी एकट्या रोजेदारांची नसते. दादर, गिरगाव, ठाणे अशा सगळीकडून सर्व धर्मांचे खवय्ये इथे येतात, मित्रांसोबत खातात आणि मध्यरात्रीनंतर घरी परततात.

खाता खाता मान वर केली तर याच भागात आणखी एक दृश्य दिसते. लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या, टेकू दिलेल्या भिंती, खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे आणि या चार-पाच मजली इमारतींच्या मागे उभे राहिलेले उंचच उंच नवे टॉवर. हा भेंडी बाजार. देशातील मोठ्या समूह पुनर्विकास प्रकल्पांपैकी एक इथे सुरू आहे. चाळीतल्या खोलीत जन्म काढलेली कुटुंबे लिफ्टने वर जाऊ लागली आहेत. त्यांना घर मिळाले, हे उघड आहे. त्यांचा शेजारही त्यांच्याबरोबर वर गेला का, हा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारत नाही. हा प्रश्न एकट्या भेंडी बाजाराचा नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात जुन्या पेठेतला वाडा पाडून अपार्टमेंट उभे राहते, तेव्हा तो तिथेही असतो.

भेंडी बाजार या नावाविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक अशी की, क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे फोर्टात राहणारे इंग्रज या भागाला ‘बिहाइंड द बाजार’ म्हणत. लोकांच्या तोंडी त्याचा भेंडी बाजार झाला. दुसरी अशी की, इथे भेंडीची झाडे होती. भाजीची भेंडी नव्हे, पिवळ्या फुलांचा भेंडीचा वृक्ष. नाव कसेही पडलेले असो, महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनात ते कायमचे बसले आहे. उत्तर प्रदेशातल्या बिजनौरहून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे गायक बंधू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात राहिले आणि त्यांच्या गायकीला भेंडी बाजार घराणे हे नाव मिळाले. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नजीर खाँसाहेबांच्या शिष्या. छज्जू खाँसाहेबांचे पुत्र अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर यांनी काही काळ तालीम घेतली. एका मोहल्ल्याच्या नावाने गाण्याचे घराणे ओळखले जावे, हा त्या वस्तीचा मान आहे.

मात्र या वस्तीतल्या इमारती मुळात कुटुंबांसाठी बांधलेल्याच नव्हत्या. मुंबईत व्यापार आणि मजुरीसाठी एकट्याने येणाऱ्या पुरुषांना रात्री पाठ टेकायला जागा हवी होती. त्यांच्यासाठी लहान खोल्या, लांब गॅलरी आणि टोकाला सामायिक संडास अशी रचना झाली. पुढे त्याच खोल्यांत संसार थाटले गेले. एका खोलीत आई-वडील, मुले, सुना आणि नातवंडे राहू लागली. खोलीत मोरी केली, पोटमाळा काढला, गॅलरी कोंडून स्वयंपाकघर केले. इमारत मात्र तेवढीच राहिली.

तिची डागडुजी का झाली नाही, याचे उत्तर कायद्यात आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी 1940 च्या पातळीवर बांधून ठेवली. युद्धानंतरच्या महागाईत भाडेकरूला त्याने संरक्षण दिले, हे नाकारता येत नाही. पण वर्षे उलटली तसे ते भाडे इतके नाममात्र झाले की मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडवेना. त्यातून पागडीची पद्धत रुजली. 1969 साली सरकारने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कायदा केला आणि त्यांच्यावर उपकर बसवला. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या 19,642 होती. दुरुस्ती मंडळाने त्यांना टेकू दिले, काहींची पुनर्बांधणी केली. परंतु इमारती जितक्या वेगाने म्हाताऱ्या होत होत्या, तितका वेग दुरुस्तीला कधीच आला नाही.

त्याची किंमत 31 ऑगस्ट 2017 रोजी सकाळी मोजावी लागली. दोन दिवसांपूर्वीच मुंबई पावसाने तुंबली होती आणि बकरी ईद दोन दिवसांवर आली होती. भेंडी बाजारातल्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि 33 जणांचा मृत्यू झाला. ती शंभर वर्षांहून जुनी होती आणि पुनर्विकासासाठी रिकामी करावयाच्या इमारतींपैकीच एक होती. काही कुटुंबे आधीच संक्रमण घरात गेली होती, काही मागे राहिली होती. म्हणून चाळीच्या आठवणी काढून हळवे होताना हे 33 जीव विसरता कामा नयेत. मध्यरात्री सामायिक संडासाकडे जावे लागणाऱ्या बाईला, पहाटे पाणी भरण्यासाठी उठणाऱ्या आजीला आणि दर पावसाळ्यात भिंतीच्या तड्याकडे बघत झोपणाऱ्या बापाला जुनी चाळ सुंदर आहे असे सांगणे हा अन्याय आहे. नव्या इमारती हव्यातच.

भेंडी बाजारात हे काम एकेका इमारतीचे न करता संपूर्ण वस्तीचे करायचे ठरले. दाऊदी बोहरा समाजाचे तत्कालीन धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या प्रेरणेने 2009 मध्ये सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टची स्थापना झाली. सुमारे साडेसोळा एकर जमीन, अडीचशेच्या आसपास इमारती, 3,200 कुटुंबे आणि 1,250 दुकाने, असा हा पसारा आहे. पुनर्वसनातील कुटुंबाला किमान 350 चौरस फुटांचे स्वतःच्या मालकीचे घर, घरातच न्हाणीघर आणि संडास, लिफ्ट, रुंद रस्ते. बाजूची वाढीव घरे आणि दुकाने विकून खर्च भागवायचा, हे समूह पुनर्विकासाचे गणित. पहिल्या टप्प्यातल्या इमारतींत शेकडो कुटुंबे राहायला गेली आहेत. ज्यांनी आयुष्यभर भाडेपावती जपली, त्यांच्या हाती मालकीचे कागद आले. हे मोठे काम आहे आणि त्याचे कौतुक व्हायला हवे.

तरीही करारात सगळे काही येत नाही. चौरस फूट येतात, फरशीचा प्रकार येतो, नळाची तोटी कोणत्या कंपनीची तेही येते. गॅलरी येत नाही.

चाळीची गॅलरी हा इमारतीतला रस्ता होता, पण त्याहून जास्त तो सर्वांचा दिवाणखाना होता. तांदूळ निवडणे, मुलांना अभ्यासाला बसवणे, म्हाताऱ्यांनी पाय सोडून बसणे, भांडणे आणि ती मिटवणे, सगळे तिथेच चाले. दार उघडे असे. कुणाच्या घरात खोकला वाढला, कुणाच्या घरी दोन दिवस चूल नीट पेटली नाही, हे विचारावे लागत नसे. ते दिसत असे.

रमजानमध्ये तर गॅलरीला वेगळेच रूप येई. पहाटे सहेरीला जाग आली नाही तर शेजारचा दार वाजवी. मगरिबच्या अजानआधी पाच मिनिटे या दारातून त्या दारात झाकलेल्या बश्या जाऊ लागत. एकीकडून भजी, दुसरीकडून खजूर, तिसरीकडून कापलेली फळे. भेंडी बाजारात आणखी एक गंमत असते. दाऊदी बोहरा समाजाचे हिजरी पंचांग गणिताने ठरलेले आहे, तर इतर मुस्लिम चंद्रदर्शनानुसार महिना धरतात. त्यामुळे बोहरा कुटुंबाचा रमजान बहुधा एक-दोन दिवस आधी सुरू होतो आणि आधी संपतो. एका घरात ईदचा गोडवा आणि समोरच्या घरात अजून रोजा, असे एकाच जिन्यावर घडते. तारखेवरून कुणी वाद घालत बसत नाही. ईद झालेल्या घरातला गोड पदार्थ समोरच्या घरात झाकून ठेवला जातो आणि अजान झाल्यावर खाल्ला जातो. मतभेदासह एकत्र राहण्याचे हे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नाही.

नव्या टॉवरमध्ये मजल्यावर बंद दारे असतात. दाराला भिंग असते, खाली वॉचमन असतो, येणाऱ्याची नोंद होते, इंटरकॉमवर विचारणा होते. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे. लॉबीत खुर्ची टाकता येत नाही, कारण आग लागली तर ती वाट मोकळी हवी. हा नियमही योग्यच आहे. एकेक नियम बरोबर आहे, पण सगळ्यांची बेरीज अशी होते की, बाविसाव्या मजल्यावरच्या म्हातारीला सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणाचे तोंड दिसत नाही.

इस्लामच्या शिकवणुकीत शेजाऱ्याला जे स्थान आहे ते पाहिले, तर ही तक्रार किरकोळ वाटणार नाही. पवित्र कुरआनच्या चौथ्या सूरहमध्ये, सूरह निसामध्ये, आई-वडील, नातेवाईक, अनाथ आणि गरजूंच्या बरोबरीने शेजाऱ्याशी चांगले वागण्याची आज्ञा आहे. तिथे दोन प्रकारच्या शेजाऱ्यांचा उल्लेख येतो: जवळचा शेजारी आणि परका शेजारी. म्हणजे नात्यातला, ओळखीचा, आपल्यातला तेवढाच शेजारी मानायचा, अशी मुभा ठेवलेलीच नाही. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी रस्सा शिजवताना त्यात थोडे पाणी वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवण्यास सांगितले आहे. शेजारी उपाशी असताना स्वतः पोटभर जेवणाऱ्याच्या ईमानाविषयीच त्यांनी शंका घेतली आहे. पैगंबरांचे एक सहकारी, हजरत अब्दुल्लाह बिन अम्र, यांच्या घरी एकदा बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठवला की नाही, हे त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारले, असे हदीसमध्ये नमूद आहे. शेजाऱ्याचा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. वाटा पोहोचला का, एवढाच प्रश्न होता.

कुरआनच्या शेवटच्या भागात ‘माऊन’ नावाची एक छोटी सूरह आहे. नमाज पढूनही जे लोक माऊन द्यायला नकार देतात, त्यांच्याविषयी त्यात कडक शब्द आहेत. माऊन म्हणजे काय? भाष्यकारांनी त्याचे अर्थ सांगितले आहेत, त्यांतला एक अगदी घरगुती आहे: भांडे, बादली, कुऱ्हाड, मीठ, अशा रोज लागणाऱ्या वस्तू, ज्या शेजारी शेजाऱ्याकडून मागून नेतो. मराठी घरांत हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. विरजणाला चमचाभर दही मागणे, पाहुणे आले म्हणून चार ताटे मागणे, शेतातून आलेल्या शेंगांचा वानवळा पाठवणे आणि शेजारणीची वाटी रिकामी परत न करणे, हे सगळे माऊनच आहे. मराठीत त्याला शेजारधर्म म्हणतात. धर्म हा शब्द त्यात उगाच आलेला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. शेजाऱ्याचा हक्क म्हणजे शेजारी निवडण्याचा हक्क नव्हे. इस्लामी कायद्यात ‘शुफा’ नावाची एक तरतूद आहे. मालमत्ता विकली जात असेल, तर सहमालकाला, सामायिक वाट किंवा पाणी असणाऱ्याला आणि हनफी मतानुसार लगतच्या शेजाऱ्यालाही ती खरेदी करण्याचा अग्रहक्क मिळतो. भारतातही काही भागांत ही प्रथा चालत असे. 1962 साली भाऊराम विरुद्ध बैजनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ शेजारी असल्याच्या आधारावरचा अग्रहक्क घटनेच्या कसोटीवर टिकत नाही, असा निर्णय दिला. परक्याला वस्तीबाहेर ठेवण्याचे साधन म्हणून अशी प्रथा स्वतंत्र भारतात चालू शकत नाही, हा त्यामागचा विचार मुस्लिम समाजानेही मनापासून स्वीकारण्यासारखा आहे.

कारण आज नेमके हेच दुसऱ्या वाटेने परत येत आहे. जुन्या वस्तीत शिंपी, तांबट, अत्तरवाला, भंगारवाला, शिक्षक आणि हमाल एकाच जिन्याने चढत. जुन्या पेठांतल्या वाड्यांत जाती-धर्माच्या भिंती होत्या, हे खरे. पण पाण्याचा नळ, दुकान आणि बोळ सामायिक असल्याने एकमेकांचे तोंड पाहावे लागे. नव्या इमारतीत घर विकताना किंवा भाड्याने देताना आडनाव विचारले जाते, मग आहार विचारला जातो आणि ‘सोसायटीचा नियम आहे’ असे सांगून दार लावले जाते. मुस्लिम कुटुंबांना हा अनुभव शहरोशहरी येतो. दलित कुटुंबांना येतो, एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलींनाही येतो. त्यावर उत्तर म्हणून ‘आपली’ वेगळी इमारत उभारली की तिथेही पुढे हाच नियम लागतो, फक्त दाराच्या आत-बाहेर उभी असलेली माणसे बदलतात.

कायद्याचे चित्रही गुंतागुंतीचे आहे. 2005 मध्ये गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व आपल्या समाजापुरते ठेवणारी उपविधी मान्य केली. दुसरीकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 23 नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. पण ज्याला घर दाखवलेच जात नाही, तो सदस्यत्वाचा अर्ज तरी कशाच्या आधारावर करणार? हा प्रश्न न्यायालयापेक्षा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आणि त्याहूनही आधी घरच्या जेवणाच्या टेबलावर सुटेल.

भेंडी बाजारासारखा मोठा प्रकल्प सगळीकडे होणार नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर, मालेगाव अशा शहरांत बदल वाड्यावाड्याने होतो. एक वाडा पडतो, तिथे पाच मजली अपार्टमेंट येते, खाली गाळे, मागे पार्किंग. मूळ मालकाची मुले दोन फ्लॅट घेतात, भाडेकरू थोडी रक्कम घेऊन गावाबाहेर जातो. बोळ तेवढाच राहतो, त्यात गाड्या मात्र चौपट होतात. गाजावाजा न होता दहा वर्षांत पेठेचा चेहरा बदलतो.

मुंबईने हे आधीही एकदा पाहिले आहे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि कोंदट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले गेले. हेतू आरोग्याचा होता. पण जितकी घरे पाडली, तितकी गरिबांना परवडणारी घरे लगेच उभी राहिली नाहीत. उठवलेली कुटुंबे शेजारच्याच दाटीत शिरली आणि तिथली गर्दी वाढली. रस्ता रुंद झाला म्हणजे तिथे राहणाऱ्या माणसाचे भले झालेच, असे समजायचे नसते, हा त्या काळाचा धडा आहे.

म्हणून आज जिथे जिथे पुनर्विकासाची बैठक होते, तिथे चटईक्षेत्राच्या जोडीला चार गोष्टी मागितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट घरांच्या वाटपाची. बहुतेक ठिकाणी चिठ्ठ्या टाकून घरे दिली जातात. वशिल्याला आळा घालायला सोडत हवीच. पण सोडत एकेका घराची न काढता शेजाऱ्यांच्या गटाची काढता येते. एका गॅलरीवर राहिलेल्या पाच-सहा कुटुंबांनी एकत्र अर्ज द्यावा आणि त्यांना एकाच मजल्यावर जागा मिळावी. याला जादा सिमेंट लागत नाही. लागते ती फक्त बैठकीत कुणीतरी उठून हे मागण्याची. आजारी माणसाला, एकट्या राहणाऱ्या विधवेला आणि लहान मुलांच्या नोकरदार आईला याचा जो आधार मिळेल, तो कोणत्याही सुविधेपेक्षा मोठा असेल.

दुसरी गोष्ट बसण्याच्या जागेची. लॉबी मोकळी ठेवायची असेल, तर काही मजल्यांमागे एक लहानशी बैठकीची खोली आराखड्यातच हवी. तळमजल्यावर बाक, सावली आणि पाण्याचा माठ हवा. व्यायामशाळेचे चित्र जाहिरातीत शोभते, पण सत्तर वर्षांच्या आजोबांना व्यायामशाळेपेक्षा ओटा हवा असतो. रमजानमध्ये त्याच जागेत इफ्तार होईल, गणपतीत आरती होईल, एरवी मुले अभ्यास करतील.

तिसरी गोष्ट खर्चाची. नाममात्र भाडे भरणाऱ्या कुटुंबाला टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, जनरेटर, अग्निशमन यंत्रणा आणि सुरक्षारक्षक यांचा मासिक खर्च भरावा लागतो. घर मालकीचे होते आणि ते राखणे न परवडल्याने काही वर्षांत विकावे लागते, असे व्हायला नको. करारात कायमनिधी किती, त्याचे व्याज कशाला वापरायचे आणि थकबाकीदार वृद्धांचे काय करायचे, हे सही करण्यापूर्वी लिहून घ्यायला हवे. इथे रमजानचा थेट संबंध येतो. ऐपत असलेला मुस्लिम या महिन्यात बहुधा आपल्या बचतीच्या अडीच टक्के जकात काढतो. त्यासाठी दूरच्या पावत्या शोधण्याआधी आपल्याच मजल्यावर कुणाचे सोसायटीचे बिल तीन महिने थकले आहे का, हे बघायला हवे. जकातीचे हकदार कोण, याचे नियम ठरलेले आहेत; त्यापलीकडे सदका, म्हणजे स्वेच्छेने दिलेले दान, कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याला देता येते. ते मात्र सूचनाफलकावर नाव न लावता, गुपचूप द्यावे.

चौथी गोष्ट, ज्यांचे नाव भाडेपावतीवर नाही त्यांची. दुकानाच्या माळ्यावर झोपणारा कारागीर, पोटभाडेकरू, हातगाडीवाला, कोपऱ्यावर बसून चाकू-कात्रीला धार लावणारा, घरोघरी भांडी घासणाऱ्या बाया. वस्ती यांच्यावर चालते, पण पुनर्वसनाच्या यादीत यांना रकाना नसतो. मोहम्मद अली रोडची रमजानची रात्र ज्यांच्या हातांनी सजते, त्यांतले कितीतरी असेच बिनपावतीचे आहेत. नवा रस्ता आखतानाच फेरीवाल्यांच्या ओट्यांची जागा ठरवली, तर नंतर हुसकावण्याची वेळ येणार नाही.

या चारही गोष्टींसाठी नवा कायदा व्हायची वाट पाहण्याचे कारण नाही. त्या बैठकीत मागता येतात, करारात लिहून घेता येतात. बिल्डर नफा बघतो, तो त्याचा धंदा आहे. महापालिका नियम बघते, ते तिचे काम आहे. शेजार बघण्याचे काम रहिवाशांचेच आहे आणि ते दुसरे कुणी करणार नाही.

इमारतीच्या उंचीबद्दल एक रिवायत परंपरेत सांगितली जाते. शेजाऱ्याच्या संमतीशिवाय आपले घर इतके उंच करू नये की त्याचा वारा अडेल. तिची सनद, म्हणजे कथनाची साखळी, हदीसच्या अभ्यासकांनी कमकुवत ठरवली आहे, त्यामुळे तिला नियमाचे वजन नाही. पण ती पिढ्यानपिढ्या सांगितली गेली, कारण घर बांधताना शेजाऱ्याच्या वाऱ्याचा विचार करावा, हे ऐकणाऱ्याला पटत आले. चाळीस मजल्यांच्या काळात प्रत्येकाचा वारा राखणे अवघड आहे. विचारपूस राखणे तेवढे अवघड नाही.

ईदच्या नमाजआधी प्रत्येक ऐपतदार घराने फितरा द्यायचा असतो, म्हणजे त्या दिवशी कुणीही सणापासून वंचित राहू नये. त्यानंतर घरोघरी शिरखुर्मा होतो. यंदाच्या ईदला जे कुटुंब नव्या इमारतीत असेल, त्याने आपल्या मजल्यावरची सगळी दारे वाजवावीत. जुन्या चाळीतून आलेल्या शेजाऱ्याचे वाजवावे आणि विकत घर घेऊन आलेल्या, अजून नावही माहीत नसलेल्या शेजाऱ्याचेही वाजवावे. आणि ज्याच्या दारात अशी वाटी येईल, त्याने ती घासून कपाटात ठेवून देऊ नये. दिवाळीपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. घरात जे असेल ते, दोन लाडू किंवा चार फळे, त्यात घालून ती परत न्यावी. पहिल्यांदा थोडे अवघडल्यासारखे होईल. दुसऱ्यांदा दार बेल वाजण्याआधीच उघडेल.